गास्पारने बसवलेली गारगोटी

गास्पार वात्रें वाईट माणूस होता असं कुणाला म्हणायचंच असेल, तर त्यानं निदान माझ्या कॅफेत बसून म्हणू नये. मी मार्सेलीन. मोंत्रेपीच्या चर्चसमोर, रस्ता म्यूज नदीकडे उतरतो त्या तोंडाशी माझं दुकान. आधी आईचं होतं, आता माझं. गास्पार आणि मी एका वर्गात होतो. त्याला मी शर्टाच्या बाहीला नाक पुसताना पाहिलंय आणि पांढऱ्या केसांनिशी ढसाढसा रडतानाही पाहिलंय. तेव्हा त्याच्याबद्दल बरंवाईट बोलायचंच तर मी बोलेन, बाकीच्यांनी आपापली बिअर प्यावी.

बुटका, रुंद खांद्यांचा, आणि बोटं अशी जाड की बघणाऱ्याला वाटावं, हा काय नाजूक काम करणार डोंबल! पण त्याच्या हाताला गुण होता. तरुणपणी तो ओतशाळेत होता. तिथली धूळ छातीत बसली तसा बाहेर पडला आणि घरामागच्या शेडमध्ये दुरुस्तीचं दुकान मांडलं. सायकली, कुलुपं, शिवणयंत्रं, बायकांच्या कॉफीच्या चक्क्या. गावात काही मोडलं की लोक म्हणायचे, गास्पारकडे टाका.

त्याच्यात खोट एकच. कुणाच्या तोंडावर कडू बोलणं त्याला जन्मात जमलं नाही. म्हाताऱ्या पिएरार बाईंचं भिंतीवरचं घड्याळ मेलं होतं, अगदी कायमचं. तिला तसं सांगायचं की नाही? नाही. यानं जुन्या बाजारातून दुसरं घड्याळ पैदा केलं, त्याचं यंत्र हिच्या पेटीत बसवलं आणि “किरकोळ होतं” म्हणून नेऊन दिलं. बाई मरेपर्यंत सांगत राहिली की माझ्या नवऱ्याचं घड्याळ अजून चालतंय. आम्ही सगळे गास्पारचं कौतुक करायचो. मीही केलं. आता वाटतं, तेव्हाच कुणीतरी त्याचा कान पिळायला हवा होता.

त्याचा थोरला भाऊ ओक्ताव. गल्लीच्या या बाजूला गास्पारचं दार, त्या बाजूला ओक्तावचं. आईबाप लवकर गेले, ओक्तावनंच धाकट्याला वाढवलं. पुढं ओक्तावची बायको गेली, मूलबाळ नाही. गास्पारनं तर लग्नच केलं नाही. उरले दोघं. सकाळी उठून ओक्ताव आपली खिडकी उघडायचा आणि ओरडायचा, “जिवंत आहेस का रे?” समोरून गास्पार ओरडायचा, “आहे, दादा!” मग गल्लीतले बाकीचे उठायचे.

उंच, ताठ, मिशाळ माणूस ओक्ताव. रेल्वेत फाटक सांभाळायचा. बोलायचा कमी. त्याचा सगळा अभिमान एका गोष्टीत होता, ती म्हणजे त्याची बंदूक.

आमच्या गावात बंदूक म्हणजे शार्लव्हिलची, चकमकीची, राजाच्या काळात घडायला लागलेली आणि बादशहाच्या फौजेनं अर्ध्या युरोपात वाहून नेलेली. लांब नळी, तिच्यावर तीन लोखंडी पट्ट्या, अक्रोडाचा दस्ता. पणजोबांच्या पणजोबांनी लढाईवरून येताना त्या परत केल्या नाहीत, गवताच्या गंजीत दडवल्या, आणि आता दर उन्हाळ्यात संत रोकच्या मिरवणुकीला आमचे पुरुष निळे कोट घालून त्या खांद्यावर टाकतात आणि संताच्या मूर्तीपुढे आभाळाकडे बार काढतात. नळीत काळी दारू भरायची, गोळी नाही. नळीच्या कानाशी छोटी वाटी असते, तिच्यात चिमूटभर बारीक दारू घालायची, तिला रंजक म्हणतात. चाप ओढला की घोडा खाली पडतो, त्याच्या जबड्यातली गारगोटी वाटीच्या पोलादी झाकणावर घासते, झाकण उघडतं, ठिणगी रंजकीत पडते आणि बार उडतो. सगळ्यांचा एकदम उडाला पाहिजे. ज्याचा उडाला नाही तो ‘मुका’. मुक्यानं सगळ्यांना माझ्याकडे पाजायचं आणि वर्षभर टोमणे खायचे. ओक्ताव उभ्या आयुष्यात एकदाही मुका झाला नव्हता. लोकांना घर असतं, शेत असतं; ओक्तावकडे ही गोष्ट होती.

आणि एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आपली बंदूक आपणच पुसायची, आपणच भरायची. पण गारगोटी आपण बसवायची नाही. ती दुसऱ्यानं बसवून द्यायची. भावानं, मेहुण्यानं, जिवाभावाच्या माणसानं. त्यानं बसवली की तिला बोट लावायचं नाही, तपासायची नाही. तपासणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. का, ते विचारू नका. आमचे आजोबा म्हणायचे, ज्याला गारगोटी बसवायला माणूस नाही, त्यानं लढाईला जाऊ नये. ओक्तावची गारगोटी पोरवयापासून गास्पार बसवायचा.

तर एका वर्षी पॅरिसहून सिनेमावाले आले. बादशहाच्या शेवटच्या लढायांवर सिनेमा होता. त्यांना खऱ्या बंदुका हव्या होत्या आणि त्या चालवता येणारे खरे लोक. त्यांच्याकडच्या बंदुका म्हणजे नुसती सोंगं. लांबून ठीक, जवळून पाहिलं तर दस्त्याचा रंग हाताला लागायचा. आमच्या अख्ख्या मिरवणुकीला त्यांनी बोलावलं. बापरे, काय तो उत्साह! ज्या नवऱ्यांना घरातला दिवा बदलायला सांगितला तर कंबर धरायचे, ते पहाटे उठून बटणं घासायला लागले.

बंदुकांची जबाबदारी गास्पारवर आली. सिनेमावाल्यांचा नियम होता, आणि नियम चांगला होता: ज्याच्या हाताचा भरवसा नाही त्याच्या बंदुकीत दगडाची गारगोटी नको, लाकडाची बसवा. राखाडी रंगवलेली, चामड्यात धरलेली. घोडा पडतो, ठिणगी पडत नाही. असे लोक मागच्या रांगेत उभे करायचे. धूर तर यंत्रानं सोडतातच, कोण कळतंय! पण त्या माणसाला तसं सांगायचं, हाही नियमच. गास्पारनं दोन-तीन नवख्यांना आणि सकाळपासून झिंगलेल्या बास्तियाँला सांगितलंही. बास्तियाँ म्हणाला, “लाकूड तर लाकूड, मला कोटाशी मतलब.”

आता ओक्ताव. त्याचे हात थरथरायला लागले होते. त्या उन्हाळ्याच्या मिरवणुकीत रंजक घालताना निम्मी दारू त्यानं शेजारच्याच्या बाहीवर सांडली होती, मी माझ्या दारातून पाहिलं होतं. एक ठिणगी उडाली असती तर बाही पेटली असती. सगळ्यांनी पाहिलं होतं, बोललं कुणी नव्हतं. गास्पारची झोप उडाली. दादाच्या हातून कुणी भाजलं तर? दादाच भाजला तर? पण ज्यानं आपल्याला वाढवलं त्याच्यापुढे उभं राहून म्हणायचं कसं, की दादा, तुझे हात गेले?

तो म्हणाला नाही. त्यानं लाकडाची गारगोटी घेतली, इतरांपेक्षा छान रंगवली, काजळी चोळली आणि दादाच्या बंदुकीत बसवली. “झालं, दादा,” म्हणाला. ओक्तावनं रीतीप्रमाणे तिकडे पाहिलंही नाही. बंदूक खांद्यावर टाकली.

गास्पारचा हिशेब सरळ होता. ओक्ताव तिसऱ्या रांगेत. एवढ्या आवाजात, एवढ्या धुरात आपला बार उडाला की नाही हे त्याला स्वतःलाही कळणार नाही. पिएरार बाईंच्या घड्याळासारखंच. किरकोळ.

पण दिग्दर्शक नावाचा प्राणी आला आणि रांगांमधून फिरायला लागला. तो ओक्तावपुढे थांबला. त्या मिशा, तो ताठ कणा, सुरकुत्या. “हा माणूस मागे काय करतोय?” तो ओरडला. “याला पुढे आणा. कॅमेरा याच्यावर. मला याचा चेहरा आणि बंदूक, दोन्ही जवळून पाहिजे.” एका पोरीनं धावत येऊन ओक्तावचा चष्मा काढून नेला, बादशहाच्या सैनिकाला असला चष्मा चालत नाही म्हणे. चष्म्याशिवाय ओक्तावला हातभरावरचं धुरकट दिसायचं.

आम्ही बायका दोरीच्या अलीकडे उभ्या होतो. गास्पार माझ्यापासून दहा पावलांवर होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, डोळे भरले, मला वाटलं भावाच्या अभिमानानं भरून आलं असेल. म्हटलंही मी, “अरे रडतोस काय मेल्या, दादा स्टार झाला तुझा!”  खिशात खऱ्या गारगोट्या होत्या त्याच्या. जाऊन बदलता आली असती. पण सगळ्या गावादेखत घोड्याचा जबडा उघडायचा, त्यातून लाकूड काढायचं, आणि दादानं विचारलं की हे काय, तर काय सांगायचं? तो जागचा हलला नाही.

हुकूम झाला. सगळे बार एकदम उडाले. ओक्तावचा घोडा पडला, खट्. बस्स.

नियम असा की बार चुकला तर बंदूक हलवायची नाही, दुरुस्तीवाला येईपर्यंत तशीच धरायची. ओक्तावनं तशीच धरली. त्या थरथरत्या हातांनी, पण धरली. धूर हलला तशी आमच्यातून कुणीतरी हाळी दिली, “ओक्ताव, बंदुकीला डुलकी लागली का?” आणि लोक हसले. अख्खं गाव हसलं हो, मीसुद्धा हसले. इतकी वर्षं वाट पाहिली होती सगळ्यांनी त्याच्या मुकं होण्याची, हसू कसं आवरणार? गास्पार धावत गेला, दादाच्या हातातून बंदूक घेतली, पाठ फिरवली.

“गास्पार,” ओक्ताव हळूच म्हणाला, “वाटीत रंजक होती का?”

इथं, बघा. इथपर्यंत मी गास्पारला माफ करते. लाकूड बसवलं ते मायेपोटी. बदलली नाही ते भित्रेपणापोटी, तेही समजू शकते. पण वाटी दारूनं भरलेली होती. ओक्तावनं एक कणही इकडेतिकडे न सांडता रंजक घातली होती, कधी नव्हे ती. गास्पारनं बंदूक कलती करून ती सगळी गवतावर सांडली, अंगठ्यानं वाटी पुसली आणि म्हणाला, “नव्हती, दादा. विसरलास तू.”

ओक्तावनं मान हलवली. मग लोकांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, “रंजक घालायला विसरलो. माझी चूक. मार्सेलीन, संध्याकाळी सगळ्यांना माझ्याकडून!”

संध्याकाळी सगळे आले, प्याले, चिडवून चिडवून त्याला बेजार केलं. ओक्तावनं हसून घेतलं. मी त्याच्यापुढे गालेत, म्हणजे आमची साखर पेरलेली गोड रोटी, ठेवली, ती त्यानं तशीच ठेवली. निघताना मला म्हणाला, “मार्सेलीन, मला रंजक घातल्याचं आठवतंय. स्पष्ट आठवतंय. दारूचं शिंग उघडलं, वाटीत चिमूट घातली, झाकण लावलं. आणि घातलीच नव्हती. हे कसं गं?”

“दादा, होतं असं वयात,” मी म्हटलं. मला तरी काय माहीत!

त्या दिवसापासून त्या माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा उडाला. जे स्पष्ट आठवतंय तेच खोटं निघालं, तर बाकीचं काय खरं? दार लावलं की नाही बघायला तो अर्ध्या रस्त्यातून परत जायचा. शेगडी विझवली का, हात लावून बघायचा, एकदा चांगला चटका बसला. माझ्याकडे कॉफी पिऊन जायचा आणि पुन्हा येऊन विचारायचा, पैसे दिले ना मी? सकाळची खिडकी उघडायची, पण आता ओरडण्याऐवजी विचारायचा, “गास्पार, आज वार कोणता?” वार त्याला बरोबर माहीत असायचा. तरी विचारायचा.

आणि गास्पार सांगायचा. रोज. “मंगळवार, दादा.” “लावलंस दार, दादा.” “दिलेस पैसे, दादा.” जेवण करून न्यायचा, बटाटे-कांद्याचं काकास, वर डुकराच्या चरबीचा तुकडा, दादाच्या आवडीचं. समोर बसून भरवल्यासारखं खायला घालायचा. गाव म्हणायचं, भाऊ असावा तर असा. ते ऐकलं की गास्पार उठून जायचा. मला वाटायचं, भावाचं दुःख आहे. वाळत चालला होता. माझ्याकडे यायचं त्यानं सोडलं. पुढं त्यानंच मला सांगितलं की तो पाद्रीबाबांकडे पापाची कबुली द्यायला तीनदा गेला आणि तिन्ही वेळा दुसरीच पापं सांगून आला. एकदा तर न केलेलं पापही सांगितलं म्हणे, वजन जुळवायला.

एक दिवस ओक्ताव बंदूक घेऊन गल्ली ओलांडून आला. “ही ठेव तुझ्याकडे. विसरभोळ्या माणसाच्या घरात दारूचं शिंग आणि बंदूक नको.”

“दादा, त्या दिवशी...” गास्पारनं तोंड उघडलं.

“काय?”

“काही नाही. थंडी होती फार.”

थंडी! काय बोलावं या माणसाला. मी तिथं असते तर बुटानं मारलं असतं.

हिवाळ्यात ओक्तावनं स्वतःच ठरवलं. शहरात म्हाताऱ्यांसाठी नन्सनी चालवलेलं घर आहे, तिथं राहायचं. “एक दिवस माझ्या हातून आग लागेल आणि तुम्ही सगळे जळाल,” म्हणाला. कोंबड्या वाटून टाकल्या. मी म्हटलं, “दादा, तुम्हाला काहीही झालेलं नाही, तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे आहात.” तो म्हणाला, “वेड्याला सगळे हेच सांगतात, पोरी.” गास्पारनं त्याची बॅग उचलली. बसमध्ये त्याच्या शेजारी बसून त्याला सोडून आला, आणि त्या सगळ्या रस्त्यात बोलला नाही. दर रविवारी बस धरून भेटायला जायचा, खिशात गालेत घेऊन. आणि दर रविवारी न सांगता परत यायचा.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर सिनेमा आला. सिनेमावाल्यांनी चांगुलपणा केला, गावाला आधी दाखवायचा म्हणून सभागृहात पडदा लावला. रविवारची दुपार, ऊन मी म्हणत होतं, तरी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ओक्तावला ननबाई गाडीतून घेऊन आल्या. कोट घातला होता, मिशांना मेण लावलेलं, डोळ्यांवर चष्मा. मी त्याला माझ्या शेजारी बसवलं. गास्पार दाराशी भिंतीला टेकून उभा राहिला. बस म्हटलं तर बसेना.

सिनेमा कसा होता विचाराल तर सांगता येणार नाही, अर्धा वेळ सगळे “तो बघ बास्तियाँ!” हेच ओरडत होते. मग लढाई आली. रांगा, निळे कोट, धुकं. आणि एकदम पडदाभर ओक्तावचा चेहरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग चेहऱ्यावरून कॅमेरा बंदुकीवर उतरला. बैलगाडीच्या चाकाएवढा घोडा. मागे हुकूम झाला, सगळीकडे बार उडाले, आणि तो मोठा घोडा सावकाश, अगदी सावकाश खाली आला. दिग्दर्शकानं तेवढं संथ करून ठेवलं होतं. गारगोटी पोलादावर घासली. ठिणगी नाही. झाकण उघडलं आणि खाली वाटी दिसली. तिच्यात काळ्या दारूचा उंचवटा, खडीच्या ढिगाएवढा, कण न् कण मोजता यावा असा.

पॅरिसवाल्यांना त्यात काय दिसलं असेल कुणास ठाऊक. दमलेली फौज, हरलेला बादशहा, असलं काहीतरी. पण त्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या घरात चकमकीची बंदूक होती. कुणी हसलं नाही. 

ओक्ताव उभा राहिला. “रंजक आहे,” तो म्हणाला. मग ओरडला, “रंजक आहे! बघा, आहे रंजक! मार्सेलीन, तुला दिसतेय?”

“दिसतेय, दादा.”

“मी घातली होती! मी विसरलो नव्हतो!” माझे दोन्ही हात धरून तो लहान मुलासारखा हलवत होता, गालांवर पाणी. मलाही रडू फुटलं. मागून कुणी ओरडलं, “खाली बसा,” तर मी त्याला असं काही सुनावलं की ते इथं सांगत नाही.

मग हळूहळू एकेक डोकं दाराकडे वळलं. रंजक होती आणि ठिणगी नव्हती. मग खोट गारगोटीत. ओक्तावची गारगोटी कोण बसवतो हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि वाटी कुणी पाहिली, कुणी सांगितलं ‘नव्हती’, तेही. फक्त ओक्ताव तिकडे वळला नाही. तो पडद्याकडेच बघत राहिला, पडद्यावर दुसरंच काही चाललं होतं तरी.

भिंतीशी कुणी नव्हतं.

गास्पार मला माझ्या दुकानाच्या पायरीवर सापडला. तिथं त्यानं मला सगळं सांगितलं, जे मी तुम्हाला सांगितलं ते. मी त्याला फाडून खाल्लं. “अरे, घर सोडलं रे त्यानं! कोंबड्या वाटल्या! आणि तू गालेत घेऊन जात होतास? लाज नाही वाटली?”

“रोज वाटली,” तो म्हणाला. “रोज वाटायचं, उद्या सांगू. आणि दर उद्याला सांगणं आणखी अवघड व्हायचं. आज सांगायचं म्हणजे काल का नाही सांगितलं हेही सांगायला लागायचं.”

“जा आणि सांग. आत्ता. माझ्यापुढे काय रडतोस, मी काय तुझा दादा आहे?”

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तो गेला. परत आला तो वेगळाच माणूस होऊन. तडक माझ्याकडे आला, बऱ्याच महिन्यांनी. सगळं सांगितलं म्हणाला, लाकूड, वाटी, सगळं. दादा शांतपणे ऐकत होता. मग त्यानं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “बरं झालं सांगितलंस.” शिवी नाही, ओरडणं नाही. नदीला पाणी किती आहे ते विचारलं.

“मोकळं केलं गं त्यानं मला,” गास्पार म्हणाला आणि बिअर मागितली. “आता तो परत येणार. यायलाच पाहिजे ना? डोकं तर ठीक आहे त्याचं. तू गाडी घेऊन जाशील? माझ्याबरोबर बसमधून नको, सन्मानानं गाडीतून येऊ दे.”

मलाही तेच वाटलं. आता कशाला राहील तो तिथं? गास्पारनं दादाचं घर उघडलं, जळमटं काढली, चादरी धुऊन वाळत घातल्या. पिएरार बाईंच्या मुलीकडून दोन कोंबड्या परत मागून आणल्या. मी दुकानाला कुलूप लावलं आणि गाडी काढली.

ओक्ताव त्या घराच्या बागेत बाकावर बसला होता. मला पाहून आनंद झाला त्याला. मी म्हटलं, “चला दादा, बॅग कुठंय? गास्पारनं तुमचं घर अगदी लख्ख करून ठेवलंय.”

“बस जरा,” तो म्हणाला. “इथलं सूप अळणी असतं. बाया माझ्याशी तान्ह्या बाळासारखं बोलतात. मला इथं एक दिवस करमलेलं नाही, मार्सेलीन.”

“मग उठा की!”

“हात थरथरतात असं त्यानं मला तोंडावर सांगितलं असतं ना, तर मी त्याला एक ठेवून दिली असती. आणि संध्याकाळी बंदूक त्याच्याच हातात दिली असती. लाकडाचं मला काही नाही. मीही कदाचित तेच केलं असतं. पण मी रोज त्याला विचारत होतो गं. दार लावलं का. वार कोणता. माझं डोकं ठिकाणावर आहे का, हेच विचारत होतो मी रोज. आणि तो माझ्यासमोर बसून, मला जेवताना बघत, रोज...” त्यानं मिशीवरून हात फिरवला. “मी त्याच्यावर रागावलेलो नाही. त्याला सांग, रविवारी येत जा. पण तिकडं आलो तर सकाळी खिडकी उघडली की समोर तो. काहीही बोलला तरी मी त्याच्या तोंडाकडे बघत राहणार, हे खरं की खोटं म्हणून. पोटच्या पोरासारखा वाढवला मी त्याला. त्याच्याकडे असं बघत मला जगायचं नाही.”

मी भांडले. हात जोडले. तोंडाळ म्हणून मी गावात प्रसिद्ध, पण त्या माणसापुढे माझं काही चाललं नाही. मला फाटकापर्यंत सोडायला आला, ताठ, मिरवणुकीत चालायचा तसा.

गाडी गल्लीत शिरली तेव्हा गास्पार ओक्तावच्या दारात उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. आतून काकासचा वास येत होता. त्यानं माझ्या शेजारच्या सीटकडे पाहिलं, मग वाकून मागच्या सीटकडे पाहिलं.

“उद्या येतोय का?” त्यानं विचारलं. “दमला असेल. परवा?”

बोलायला कितीतरी गोष्टी होत्या. डॉक्टरांची परवानगी नाही म्हटलं असतं. नन्स सोडत नाहीत म्हटलं असतं. किरकोळ काहीतरी. त्याच्या त्या तोंडाकडे बघून मला ते म्हणावंसं वाटलं, देवाशप्पथ वाटलं. पण या गल्लीत तसलं बोलून झालं होतं आणि त्याचं काय झालं ते मी बघून आले होते.

“तो येणार नाही, गास्पार,” मी म्हटलं. “डोकं ठीक आहे त्याचं. तुझ्यासमोर राहायचं नाही म्हणाला.”

तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. मग मान हलवली, बरोबर आहे अशी, आणि आत जाऊन शेगडी बंद केली.